बावन्न पेले, साठ मुले

मित्रांनो, फळा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वर्गातला फळा येतो. त्याच्यावर गणिते सुटतात, कविता उतरतात, आणि मागच्या बाकावरचे कुणीतरी गुरुजींचे चित्रही काढून ठेवते. माझ्यावर यातले काहीच कधी घडले नाही. मी मुख्याध्यापकांच्या खोलीतला पटसंख्येचा फळा आहे. शाळेत किती मुले, किती मुली, किती शिक्षक मंजूर आणि किती हजर, एवढेच माझ्यावर रोज सकाळी खडूने लिहिले जाई. तुम्हाला हे काम रुक्ष वाटेल. मला मात्र त्याचा फार अभिमान आहे, आणि का आहे तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म बऱ्हाणपुरात झाला, देश स्वतंत्र झाल्यावर दोन वर्षांनी. पंडित सुतारांनी सातपुड्याच्या सागवानाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. सांधा इतका बेमालूम की काळा रंग दिल्यावर त्यांना स्वतःलाच तो सापडेना. मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने माझ्यावर पिवळ्या रंगाने रकाने आखले. वरच्या भागात पाचवी ते आठवी, आणि त्यांच्यापुढे मुले, मुली, एकूण. खालच्या भागात शिक्षक आणि भृत्य, म्हणजे शाळेचा शिपाई. बैलगाडीत आडवे घालून मला शहरापासून दोन कोसांवर, दापोऱ्याच्या बाजूला असलेल्या एका गावच्या मिडल शाळेत आणले. केळीच्या बागांमधून गाडी चालली होती आणि दोन्ही बाजूंची पाने माझ्यावर सारखी घासत होती. माझा तेवढाच एक प्रवास.

शाळा लहानच. चार खोल्या, पुढे ओसरी, आणि सरकारी मराठी शाळा अशी पाटी. पहिली सात वर्षे फार चांगली गेली. शिक्षक मंजूर चार, हजर चार. मुले सत्तरच्या वर. मुख्याध्यापक दत्तात्रय गुरुजींचे अक्षर असे की साताचा आकडा पाहायला मुले मुद्दाम खोलीत डोकावत. गावचे कडू पाटील वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन येत, माझ्यापुढे उभे राहत आणि आमच्या गावची शाळा म्हणून माझ्याकडे बोट दाखवत. तेव्हा मी भिंतीवर जरा जास्तच ताठ बसत असे.

मग छप्पन साल उजाडले. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. आतापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आता ती भोपाळ झाली. वऱ्हाड-नागपूरकडचे शिक्षक मुंबई राज्यात जाऊ शकत होते. आमच्याकडचे तिघे एकेक करून गेले. सगळ्यांत शेवटी गेले अरविंद मास्तर. जायच्या दिवशी ते खोलीत आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'हजर' पुढचा दोन पुसून एक लिहिला. गुरुजींनी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडले आणि परत येऊन चारही वर्ग एका ओसरीवर बसवले.

शिक्षक गेले तशी मुलेही जाऊ लागली. काहींना आईबापांनी शहरातल्या शाळेत घातले, काहींना बागेत कामाला लावले. सत्तावन्नच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्यावर अडतीस आकडा राहिला, आणि त्यात मुली फक्त तीन.

गावाच्या दुसऱ्या टोकाला कापसाचे जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होते. तिथे कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी धर्मशाळेत हिंदीचा एक छोटा वर्ग चाले. तेरा मुले, एक मुलगी आणि शिकवायला लीलाधर मास्साब. जुलैमध्ये वरून हुकूम आला की दोन्ही शाळा एकत्र कराव्यात. एका सकाळी लीलाधर मास्साब चौदा मुलांची रांग घेऊन, डोक्यावर पुस्तकांची ट्रंक ठेवून आमच्या दारात उभे राहिले. गुरुजींनी पुढे होऊन ट्रंक उतरवून घेतली. दोघे एकमेकांची भाषा मोडकी-तोडकीच बोलत. पण त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकले की गणित एकत्र शिकवायचे. उदाहरण गुरुजी मराठीत सांगतील, मग तेच मास्साब हिंदीत सांगतील. झाले असे की प्रत्येक मुलाला प्रत्येक उदाहरण दोनदा ऐकायला मिळाले, आणि ज्यांना गणित कधी कळत नव्हते त्यांनाही ते कळू लागले.

हुकमात पुढे मात्र आणखी एक ओळ होती. ऑगस्टअखेर पट साठ भरला नाही तर शाळा बंद करून मुले शहरात पाठवावीत. अडतीस आणि चौदा मिळून होतात बावन्न. आठ मुले कमी पडत होती.

आता मी तुम्हाला धुरपदाबाईंची ओळख करून देतो. आमचा जुना शिपाई लोटू म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेला होता आणि त्याची जागा रिकामीच होती. तोवर पाणी भरायला गावातल्या धुरपदाबाई येत. चाळिशीच्या, उंच, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेल्या. दापोरा त्यांचे माहेर. आधी त्या केळीच्या बागेत घड वाहायच्या. त्यांना वाचता येत नव्हते. आकडे मात्र चांगले ओळखता येत, कारण घडांच्या ढिगावर लावलेल्या चिठ्ठ्या ओळखल्याशिवाय ते काम होत नाही.

शाळा एकत्र झाल्यावर गावातली चार माणसे ओसरीवर आली आणि म्हणू लागली की जिनाकडची मुले कुठल्या कुठल्या जातींची, त्यांच्यासाठी पाण्याचा माठ वेगळा ठेवावा. गुरुजी उत्तर देणार तोच माठ घासत बसलेल्या धुरपदाबाई बोलल्या.

"माह्या कमरेनं एकच माठ उचलनं होते. दुसरा पाह्यजे असंल तं तुमच्या घरातलं कोनी पाठवा भराले."

कुणाच्या घरातून कुणी आले नाही. एकच माठ राहिला. मधल्या सुट्टीत सगळी मुले एका ओळीने येत, आणि धुरपदाबाई एकेकाला पेला भरून देत. कुणी दुसऱ्यांदा आले तर ते त्यांच्या बरोबर लक्षात राही.

ऑगस्ट निम्मा सरला. तपासणीचा दिवस कळला. त्याआधी एका दुपारी कडू पाटील आले. त्यांना शाळा हवीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते गुरुजींना म्हणाले की दापोऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीत चौथी पास झालेल्या आठ मुली घरी बसल्या आहेत, त्यांची नावे पटावर चढवा. साहेब येतील त्या दिवशी मी गाडी पाठवून पोरी आणून बसवतो, मग जातील घरी. यात कुणाचे काय बिघडते?

पाटील गेल्यावर गुरुजींनी तो हुकूम पुन्हा वाचला. मग उठले. मुलींच्या रकान्यातला चार पुसून त्यांनी बारा लिहिला, आणि एकूणच्या खाली साठ. मित्रांनो, त्यांचा हात इतका जड मी कधी अनुभवला नव्हता. सात-आठ वर्षे त्या हाताने मला खरे तेच दिले होते. खडू तोच, अक्षरही तेच सुंदर, पण तो साठ मला अंगावर नको नको झाला.

तेवढ्यात तांब्यात पाणी भरायला धुरपदाबाई आत आल्या. तांब्या ठेवला आणि माझ्याकडे बघत थबकल्या.

"गुरुजी, आज आठ पोरं वाढली का? मी तं बावनच पेले भरले."

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "वस्तीतल्या मुली आहेत. नावे खरी आहेत, धुरपदाबाई."

"नावं खरी असतीन. पन त्यायले आज इथं तहान नाई लागली."

एवढेच बोलून त्या जायला निघाल्या. गुरुजींनी उपरण्याचे टोक घेतले आणि आधी साठ पुसला, मग बारा. घाईने पुसले नाही. पुन्हा चार लिहिला, पुन्हा बावन्न लिहिला. आणि धुरपदाबाईंना थांबवून बसायला सांगितले. त्या खोलीत पाणी भरणाऱ्या बाईला बसायला सांगितलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

गुरुजींनी त्यांना सगळे सांगितले. हुकूम, साठ, आणि मुली का येत नाहीत तेही. वस्तीपासून शाळा पाऊण कोस. मध्ये केळीच्या दाट बागा आणि एक ओढा. शाळेत दोन पुरुष शिक्षक. दहा वर्षांच्या मुलीला कोण पाठवणार? एखादी शिक्षिका द्या म्हणून गुरुजींनी दोनदा लिहिले होते. साठ मुले भरल्याशिवाय जागा नाही, असे उत्तर आले होते.

धुरपदाबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी मले शाळेत दिवसभर ठेवा. मंग पाहू."

पुढचे चार दिवस त्या सकाळी वस्तीत जात आणि शाळा भरायच्या आत येऊन, माझ्या समोर उभ्या राहून, गुरुजींना तिथले सांगत. पहिल्या घरी चहा मिळाला, मुलगी नाही मिळाली. दुसऱ्या घरी मालूबाई नावाची आजी होती, तिने विचारले की शाळेत बाईमाणूस कोण आहे. धुरपदाबाईंनी सांगितले की मी आहे. सकाळी इथून घेऊन जाईन, ओढा मी पार करवीन, सुट्टीत नजरेसमोर ठेवीन आणि दिवस मावळायच्या आत याच उंबऱ्यात आणून सोडीन. आजीने आणखी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी नात आली. एक आली तेव्हा तिच्या शेजारची आली. शारदा नावाची एक मुलगी तर न सांगताच दप्तर करून दारात उभी होती.

शेवटी कमल राहिली. तिची आई दिवसभर बागेत कामाला, आणि अडीच वर्षांचा भाऊ कमलच्या कडेवर. धुरपदाबाईंनी त्यालाही आणले. माठाशेजारी पोतडे अंथरून त्याला बसवले, हातात फुटकी पाटी दिली. तो कुणाला त्रास देत नसे. मास्साब पाढे म्हणायला लागले की मात्र तोही जोरात ओरडायचा.

धुरपदाबाई घंटाही वाजवू लागल्या. लोटूची घंटा म्हणजे नुसती सवय होती. यांची घंटा बागेच्या पार टोकाला ऐकू जाई. कडू पाटलांना ते रुचले नाही. बाईमाणसाने शाळेची घंटा वाजवणे त्यांना कसेसेच वाटत होते. पण दोन दिवसांनी त्यांच्याच घरचे गडी घंटेवर जेवायला बसू लागले, तेव्हा ते गप्प झाले.

एका सोमवारी मधल्या सुट्टीनंतर धुरपदाबाई खोलीच्या दारात आल्या, आत न येता नुसत्या म्हणाल्या, "साठ." गुरुजींनी खडू उचलला. तो साठ मला अजून आठवतो. शून्य असे गोल, जणू रुपयाभोवती फिरवून काढले असावे.

तपासणीला साहेब आले ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, बरेच थकलेले गृहस्थ. त्या आठवड्यात त्यांनी अशा दोन शाळा बंद केल्या होत्या, असे त्यांच्या कारकुनाने मास्साबांना हळूच सांगितले. साहेबांनी आधी मला वाचले. साठ. मग कारकुनाला मुले मोजायला पाठवले. कारकून येऊन म्हणाला, बरोबर आहे, साठ हजर.

खोलीत क्षणभर सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. पण गुरुजींच्या कपाळावर आठी होती. ते हिंदीत म्हणाले, "साहब, एक कम कीजिए. बाबूजी ने उस छोटे बच्चे को भी गिन लिया है. आज उनसठ ही हैं."

कारकुनाने कमलच्या भावाला पाटी घेऊन ओळीत बसलेला पाहिले होते आणि मोजून टाकले होते. खरे हजर एकोणसाठच होते. साठावी होती शारदा, आणि ती आली नव्हती. लीलाधर मास्साबांचा चेहरा उतरला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मुलगी पटावर आहे पण हजर नाही, असे प्रत्येक शाळा म्हणते, असे ते म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत, म्हणून ते जास्त लागले.

तेव्हा दारातून धुरपदाबाई पुढे आल्या. "साहेब, शारदाले ताप हाये. चला, दाखवते."

साहेबांना वाटले घर शेजारीच असेल. ते उठले. मास्साबही बरोबर गेले, आणि जे घडले ते मला त्यांच्याच तोंडून कळले. गावाबाहेर आल्यावर साहेबांनी विचारले, किती लांब? धुरपदाबाईंनी पुढे हात केला आणि चालत राहिल्या. केळीच्या बागेतली वाट पावसाने निसरडी झाली होती. दोन्ही बाजूंनी बाग इतकी दाट की दहा पावलांवरचे दिसत नव्हते. ओढ्याला गुडघाभर पाणी होते. साहेबांनी बूट हातात घेतले. पैलतीरी पोचल्यावर त्यांनी मास्साबांना विचारले की मुली रोज इथूनच येतात का. मास्साब म्हणाले, रोज, आणि लहान असतील त्यांना ही बाई कडेवर घेते.

शारदा खाटेवर होती, गोधडी पांघरून. अंगात चांगलाच ताप. उशाशी पाटी, आणि पाटीवर आदल्या दिवशीचे उदाहरण, अर्धे मराठीत आणि अर्धे हिंदीत मांडलेले. साहेबांनी तिला नाव विचारले, वर्ग विचारला. शेवटी विचारले की गुरुजींनी आज ये म्हणून सांगितले होते का. ती म्हणाली की मी निघालेच होते, धुरपदामावशीनेच परत निजवले. कडेवर घे म्हटले तर म्हणाली, तापात ओढा ओलांडायचा नाही.

मास्साब सांगत होते की हे ऐकून साहेबांनी वळून धुरपदाबाईंकडे बघितले. त्या बाईला ठाऊक होते की आज एक मूल कमी पडले तर शाळा जाईल. तरीही तिने मुलीला घरी ठेवले होते.

साहेब परत आले तेव्हा त्यांची पँट चिखलाने भरली होती. त्यांनी पाणी मागितले. धुरपदाबाईंनी त्याच माठातून, त्याच पेल्याने दिले. मग ते माझ्या समोर आले आणि खालच्या रकान्याकडे बोट करून म्हणाले, इथे भृत्याची जागा रिकामी का दाखवली आहे? गुरुजी म्हणाले की बाईंची नेमणूक नाही, त्या पाण्यापुरत्या आहेत, आणि या जागेवर आजवर बाईमाणूस नेमलेले नाही. साहेबांनी तपासणीच्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिले. शेरा त्यांनी वाचून दाखवला नाही. पटाचा आकडा मात्र मोठ्याने वाचला. साठ.

शाळा राहिली. दिवाळीनंतर लखोटा आला. गुरुजींनी तो दोनदा वाचला, लीलाधर मास्साबांना वाचायला दिला, मग धुरपदाबाईंना बोलावून घेतले. त्यांनी हात पदराला पुसला आणि उभ्या राहिल्या. गुरुजींनी नवा खडू फोडला आणि 'भृत्य' या शब्दापुढे हळूहळू लिहिले: धुरपदाबाई.

बाईंनी विचारले, "हे मी का?"

गुरुजी हो म्हणाले. बाईंनी ती सहा अक्षरे निरखली आणि मग विचारले की यातले पहिले कोणते. त्या हिवाळ्यात शारदाने त्यांना नाव लिहायला शिकवले. पुढे दर सोमवारी खालचा रकाना ताजा करायची वेळ आली की गुरुजी खडू त्यांच्याच हातात देत. त्यांचा 'ध' शेवटपर्यंत जरा वाकडाच राहिला. माझ्या अंगावर इतके सुंदर दुसरे अक्षर कुणी लिहिले नाही, आणि हे मी दत्तात्रय गुरुजींची माफी मागून सांगतो.

दोन वर्षांनी सुलभाबाई नावाच्या शिक्षिका आल्या. मुलींचा आकडा एकतीस झाला. एकेचाळीस झाला. शाळा मोठी होत गेली, नवी इमारत झाली, आणि एक दिवस भिंतीवर छापील तक्ता आला. तो दिसायला चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्याच्यावरचे आकडे वर्षभर तेच राहतात.

मी आता जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आड भिंतीला टेकून उभा आहे. पावसाळ्यात जमिनीला ओल येते. डाव्या कोपऱ्यात वाळवीने घर केले आहे, आणि पंडित सुतारांचा सांधा आता मलाही जाणवू लागला आहे. मित्रांनो, शाळेत तुमचा खेळ चालतो तेव्हा तुमचा आवाज मला इथे ऐकू येतो. त्यावरून मी अंदाज करत बसतो की आज किती असतील.

मला तुमच्याकडून मोठे काही नको. मला जमिनीवरून उचलून दोन विटांवर ठेवा. कोपरा झाडा, थोडा काळा रंग द्या, आणि जिथे येता-जाता दिसेन अशा जागी टांगा. रोज सकाळी माझ्यावर खरा आकडा लिहा, मग तो कितीही लहान असो. आणि एखादे मूल चार दिवस दिसले नाही, तर त्याच्यापुढे नुसती गैरहजेरी मांडू नका. त्याचे घर किती लांब आहे, ते एकदा चालून बघा.